सांगलीचे व्यावसायिक : रॉटनस्टॉल ते ब्रिस्बेन

परदेशी क्लबाशी करार करून, त्या क्लबाचा पगार घेऊन, त्या गावच्या प्रेक्षकांसाठी खेळणाऱ्या खेळाडूला क्रीडाक्षेत्रात ‘परदेशी व्यावसायिक’ म्हणतात, आणि देशाच्या संघातून महिना-दोन महिन्यांचा दौरा करून परतणाऱ्या खेळाडूपेक्षा त्याचे जगणे मुळातच वेगळे असते. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत युरोपीय खेळाडूंनी गेल्या चार दशकांत जी जागा मिळवली, तिचा इतिहास आता तिकडे सविस्तर लिहिला जातो. युगोस्लाव्हियाचा ड्राझेन पेट्रोविच १९८९ मध्ये पोर्टलंडला गेला तेव्हा आधी त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागले, तर जर्मनीतील व्युर्झबर्गसारख्या मध्यम शहरातून १९९८ मध्ये डॅलसला गेलेला डर्क नोविट्झकी एकाच संघाकडून एकवीस हंगाम खेळला. कृष्णाकाठच्या सांगलीने याच जातीची दोन उदाहरणे निर्माण केली, विजय हजारे आणि स्मृती मानधना. मात्र या दोघांकडे ‘व्यावसायिक’ म्हणून पाहण्याची सवय मराठी क्रीडालेखनाला अजून लागलेली नाही.

सातारा-सांगली परिसराच्या क्रीडापरंपरेचा आढावा घेताना बहुतेक लेखक कुस्तीपासून सुरुवात करतात आणि ऑलिंपिकच्या पदकापाशी थांबतात, हे रास्तच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले, तेथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केल्यावर त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. अलीकडे माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीचे जगज्जेतेपद मिळवले. या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र खेळ हाच रोजगार मानून समुद्रापार गेलेले खेळाडू हा आहे.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. बडोद्यात त्यांनी नोकरी केली, बडोद्याकडून ते वर्षानुवर्षे खेळले आणि २००४ मध्ये तेथेच निवर्तले, म्हणून त्यांना सरसकट ‘बडोद्याचे हजारे’ म्हणण्याची पद्धत काही समीक्षकांनी रूढ केली. परंतु त्यांच्या फलंदाजीची घडण बडोद्यापूर्वीची आहे, हे ते विसरतात. आजच्या सांगली जिल्ह्यातील जत हे तेव्हा स्वतंत्र संस्थान होते, आणि तेथील क्रिकेटप्रेमी राजेसाहेबांनी क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियाच्या विख्यात लेगस्पिनरला शिकवण्यासाठी बोलावले होते. हजारे बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभे राहत, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नव्हते. ग्रिमेटने ती ढब बदलू नये असा सल्ला दिला, आणि शिष्याची सोय पाहून शिकवणाऱ्या या गुरूमुळे एक अस्सल तंत्र वाचले. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ धावा काढून हजारे प्रथम श्रेणीत त्रिशतक करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे ते त्याच बडोद्याच्या सेवेत गेले, हा संस्थानी काळातील रोजगाराचा व्यवहार होता. खेळाडूला नोकरी देऊन संघात घेणे ही तेव्हा राजेलोकांची रीत होती.

पंचरंगी सामन्यांतील ३०९ धावा, गुल महंमद यांच्याबरोबरची ५७७ धावांची भागीदारी, १९४८ च्या जानेवारीत अॅडलेडला एकाच कसोटीत काढलेली ११६ आणि १४५ ही दोन शतके, या गोष्टी शाळकरी मुलांनाही पाठ असत, त्यामुळे त्यांची उजळणी येथे टाळलेली बरी. ज्या हंगामाकडे फारसे कोणी पाहत नाही, तो १९४९ चा रॉटनस्टॉलचा हंगाम मात्र तपशिलात पाहण्याजोगा आहे.

इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर हा सूतगिरण्यांचा मुलूख, आणि १८९२ मध्ये स्थापन झालेली लँकेशायर लीग ही त्या गिरणगावांच्या क्लबांची स्पर्धा होय. काउंटी क्रिकेटशी तिचा संबंध नव्हता. लीगचे सामने एका दुपारचे असत, शनिवारी गिरणीचा भोंगा झाल्यावर कामगार मैदानावर येत, आणि प्रत्येक क्लबाला संघात एकच पगारी खेळाडू ठेवता येई. बाकीचे दहा जण विणकर, दुकानदार, कारकून असे स्थानिक हौशी खेळाडू असत, त्यामुळे त्या एका ‘प्रो’वर सगळा भार पडे : पहिली षटके त्याने टाकायची, डाव कोसळला तर त्यानेच सावरायचा आणि आठवड्यातील इतर दिवशी क्लबाच्या पोरांना शिकवायचे. एखाद्याने अर्धशतक काढले की प्रेक्षकांतून टोपी फिरवली जाई आणि लोक खिशातली नाणी त्यात टाकत. ‘कलेक्शन’ नावाच्या या प्रथेत खेळाची किंमत लगेच, रोख आणि सर्वांसमोर ठरत असे. १९२९ पासून नेल्सन क्लबात वेस्ट इंडिजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनने या नोकरीला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि अमरसिंग, लाला अमरनाथ यांच्या रूपाने भारतीयांनीही त्या वाटेवर पाऊल टाकले.

हजारे या वाटेवर आले ते कीर्तीच्या शिखरावर असताना. १९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाचव्या कसोटीत ३६१ धावांचा पाठलाग करताना त्यांनी १२२ धावा काढल्या, आणि भारत अवघ्या सहा धावांनी विजयाला मुकला. त्याच मालिकेत भारतीय गोलंदाजांवर शतकामागून शतके ठोकणारा एव्हर्टन वीक्स काही महिन्यांतच रॉसेंडेल खोऱ्यातील बेकप क्लबाचा व्यावसायिक झाला, आणि हजारे त्याच खोऱ्यातील रॉटनस्टॉलचे. कसोटीत दोन देशांच्या वतीने समोरासमोर उभे राहिलेले दोन फलंदाज आता काही मैलांच्या अंतरावरील दोन गिरणगावांच्या वतीने उभे होते. ओल्या, संथ, अंदाज न येणाऱ्या विकेटांवर रोजच्या भाकरीसाठी धावा काढण्याची ही शाळा होती.

या शाळेचे मोल कमी लेखणारे पंडित आपल्याकडे नेहमीच होते. लीगचे क्रिकेट दुय्यम दर्जाचे, पैशासाठी खेळणे हलके, असा सूर लावणाऱ्यांनी १९५२ च्या उन्हाळ्याकडे नीट पाहावे. त्या जूनमध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडचा कर्णधार म्हणून लेन हटन नाणेफेकीला आला, आणि इंग्लंडच्या संघाचे नेतृत्व एका व्यावसायिकाकडे जाण्याची ती त्या शतकातील पहिलीच वेळ होती. इंग्रजी क्रिकेटमध्ये तोवर ‘जंटलमन’ म्हणजे बिनपगारी हौशी आणि ‘प्लेअर’ म्हणजे पगारी अशी जातवार विभागणी होती, ती १९६२ च्या अखेरीस मोडली. हटनसमोर भारताचे कर्णधार म्हणून उभे असलेले हजारे हेही रॉटनस्टॉलला पगारी खेळाडू राहिलेले होते. दोन व्यावसायिक कर्णधारांची ती लढत होती, ही बाब त्या दौऱ्याच्या मराठी वर्णनांत सहसा येत नाही. त्यांत फक्त दुसऱ्या डावातील शून्य धावांवर चार बळी येतात. पहिल्या डावात हजारे यांच्या ८९ आणि मांजरेकरांच्या १३३ धावांनी २२२ धावांची भागीदारी झाली होती आणि दुसऱ्या डावाच्या त्या पडझडीनंतरही हजारे यांनी ५६ धावा काढून फडकरांच्या साथीने डाव सावरला होता, हे तळटीपेत जाते.

त्याच दौऱ्यात विनू मंकड रॉसेंडेल खोऱ्यातील हॅस्लिंग्डन क्लबाशी करारबद्ध होते, कारण संघातील जागेची हमी देण्यास भारतीय क्रिकेट मंडळ तयार नव्हते. लीड्सच्या पराभवानंतर क्लबाकडे रदबदली करून त्यांना सोडवून आणावे लागले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या व एका डावात पाच बळी घेतले. मंडळाने ज्याला धुडकावले, त्याला एका गिरणगावाने कामावर ठेवले होते आणि तयारीत ठेवले होते. याच उन्हाळ्यात, २३ जुलैला, खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत पदक मिळवले. म्हणजे आजचा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जात असताना उत्तर साताऱ्याचा मल्ल आणि दक्षिण साताऱ्याचा फलंदाज एकाच वेळी युरोपात होते. एक वर्गणीवर गेलेला हौशी, दुसरा पगारी शाळेत तयार झालेला.

यानंतरची सहा दशके झरझर ओलांडायला हरकत नाही. गुप्ते, उम्रीगर, कपिलदेव असे अनेक भारतीय लीगमध्ये खेळले, परंतु सांगलीच्या वाट्याला तो योग पुन्हा आला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या तशी लीगची ऐपत घटली, आणि भारतात पैसा आल्यावर बाहेर जाण्याची निकड राहिली नाही. पुढे भारतीय नियामक मंडळाने आपल्या पुरुष खेळाडूंना परदेशी टी-ट्वेंटी लीगांत खेळण्याची परवानगी नाकारण्याचे धोरण धरले, आणि हजारे यांची वाट पुरुषांपुरती बंद झाली.

ती पुन्हा उघडली एका मुलीने. स्मृती मानधना १८ जुलै १९९६ रोजी मुंबईत जन्मली आणि दोन वर्षांची असताना कुटुंबासह सांगलीलगतच्या माधवनगरला आली. हे गाव एके काळी कापडगिरणीसाठी ओळखले जाई, हा योगायोग रॉटनस्टॉल आठवणाऱ्याच्या ध्यानात सहज येतो. वडील सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या कुमार संघात, आणि एरवी उजव्या हाताने कामे करणारी ही मुलगी वडिलांच्या डावखुऱ्या फलंदाजांवरील लोभामुळे डाव्या हाताने खेळायला शिकली. नवव्या वर्षी ती राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये, राहुल द्रविडने तिच्या भावाला दिलेल्या बॅटने, तिने गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या आणि एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. हा सामना वडोदऱ्यात, म्हणजे हजारे यांच्या कर्मभूमीत झाला.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला बिग बॅश लीगशी करार करणाऱ्या पहिल्या दोन भारतीयांत हरमनप्रीत कौर सिडनी थंडरकडे गेली आणि स्मृती ब्रिस्बेन हीटकडे. या लीगमध्ये अंतिम अकरांत तीनपेक्षा अधिक परदेशी खेळाडू चालत नाहीत, त्यामुळे परक्या मुलीला स्थानिक मुलीपेक्षा उजवे ठरूनच जागा टिकवावी लागते. लँकेशायरच्या एका ‘प्रो’च्या नियमाचेच हे सैल रूप आहे. तो पहिला हंगाम गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीत संपला, तरी सहा महिन्यांच्या आत, २०१७ च्या विश्वचषकात, तिने डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० आणि टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. त्याच टाँटनमध्ये घर असलेल्या वेस्टर्न स्टॉर्म संघाने २०१८ मध्ये तिला करारबद्ध केले, आणि इंग्लंडच्या किया सुपर लीगमधील पहिली भारतीय म्हणून तिने १८ चेंडूंत अर्धशतक झळकावले, ६१ चेंडूंत १०२ धावा काढल्या, व एकूण ४२१ धावांसह ती हंगामात सर्वांच्या पुढे राहिली. होबार्ट, सिडनी, अॅडलेड आणि इंग्लंडच्या ‘हंड्रेड’ स्पर्धेतील सदर्न ब्रेव्ह हे पुढचे मुक्काम होत. त्यांपैकी २०२१ चा मॅके येथील सामना जवळून पाहण्यासारखा आहे : सिडनी थंडरकडून स्मृतीने ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा, लीगच्या तोवरच्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येशी बरोबरी करत, काढल्या, तरी मेलबर्न रेनेगेड्सकडून खेळणाऱ्या हरमनप्रीतच्या संघाने चार धावांनी बाजी मारली. रॉसेंडेल खोऱ्यात वीक्स आणि हजारे यांच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही उलटी बाजू. तेथे प्रतिस्पर्धी शेजारी झाले होते, येथे एकाच देशाच्या सहकारी प्रतिस्पर्धी झाल्या.

हजारे आणि मानधना यांची तुलना करताना काळाचा फरक नोंदवणे भाग आहे. हजारे अख्खा उन्हाळा रॉटनस्टॉलचे होऊन राहिले. आजचा परदेशी खेळाडू काही आठवड्यांसाठी विमानाने उतरतो, हॉटेलात राहतो आणि सामने संपताच पुढच्या लीगकडे निघतो, त्यामुळे गाव आणि खेळाडू यांचे नाते पातळ झाले आहे. क्रीडापानांचे लक्षही लिलावावर अधिक आहे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख मिळाले हे घरोघरी ठाऊक आहे, पण तो भाव ब्रिस्बेन, टाँटन आणि होबार्टमध्ये कमावला गेला, हे क्वचितच सांगितले जाते. तिच्या नेतृत्वाखाली २०२४ मध्ये बंगळूरुने विजेतेपद मिळवले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताने विश्वचषक जिंकला, त्या स्पर्धेत तिच्या ४३४ धावा होत्या. या यशामागे एकट्या प्रतिभेला उभे करणाऱ्या भाष्यकारांनी परदेशी लीगांतील हंगामांचा हिशेब मांडलेला नाही.

हा हिशेब मांडल्यास निष्कर्ष स्पष्ट निघतो : भारतीय क्रिकेटच्या कठीण काळात त्याचे शिक्षण परक्या गावांच्या मैदानांवर झाले, आणि महिला खेळाडूंना मिळालेली ही मुभा पुरुषांना नाकारणे हे व्यापारी हिताचे असेल, पण खेळाच्या हिताचे नाही. मंडळाने निदान राष्ट्रीय संघाबाहेरील तरुण खेळाडूंना परदेशी लीगांत खेळू द्यावे. आणि सांगली, मिरज, जत परिसरातील ज्या घरांत, क्लबांत वा शाळांत जुनी स्कोअरबुके, छायाचित्रे किंवा कात्रणे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जिल्ह्याच्या एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावीत. हजारे यांच्या सांगलीतील दिवसांचा इतिहास लिहायचा तर तो याच कागदांतून लिहावा लागेल.