लेकराचं ऑपरेशन, दुखण्याला सुट्टी!

रिद्धपूर म्हणजे गोविंदप्रभूंचं गाव आणि नव्या मराठी भाषा विद्यापीठाचा पत्ता. पण इकडच्या शिवारातल्या एका पिकाचं थेट ऑपरेशन थिएटरशी नातं आहे, माहीत आहे का? जरा दम धरा, सांगतोच!

बाळालाही दुखतं! 1980च्या दशकापर्यंत जगात अनेक ठिकाणी तान्ह्या बाळांची ऑपरेशनं अगदी नावापुरत्या भुलीवर उरकली जात. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. कन्वलजीत सिंग आनंद यांनी 1987 साली दाखवून दिलं, की नीट भूल मिळाली तर बाळाच्या शरीरावरचा ताण कितीतरी घटतो. शाब्बास, डॉक्टर!

तळमजल्यावरून एन्ट्री! माकडहाडाच्या वर एक नैसर्गिक फट असते. हर्नियासारख्या ऑपरेशनला तिथूनच एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत, सुन्न करणारं औषध सोडतात. हाच तो कॉडल ब्लॉक! बहुतेक वेळा मूल आधीच गाढ झोपलेलं असतं.

नळी सुसाट! तान्ह्या बाळाच्या मणक्यातली चरबी इतकी मऊ, की खालून घातलेली बारीक नळी थेट छातीच्या पातळीपर्यंत सरकवता येते.

बीपी एकदम कूल! एपिड्युरलनंतर मोठ्यांचं बीपी घसरू शकतं. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचं मात्र सहसा जागचं हलत नाही!

भूल द्या, पण डोसात भूल नको! नवजात बाळाचं लिव्हर कच्चं असतं. औषधाला धरून ठेवणारं रक्तातलं प्रोटीनही कमी. म्हणून बुपिव्हाकेन या सुन्न करणाऱ्या औषधाचा वेग मोठ्या मुलांना ताशी किलोमागे 0.4 मिलिग्रॅमपर्यंत, तर तान्ह्यांना फक्त 0.2. निम्मा!

मॉर्फिनची मॅरेथॉन! एपिड्युरल मॉर्फिनचा एकच डोस 12 ते 24 तास टिकू शकतो. पण श्वास उशिरानेही मंदावू शकतो, म्हणून नर्सताईंचा रात्रभर पहारा.

आता ते पीक! सोयाबीन! बुपिव्हाकेन चुकून रक्तात जास्त गेलं तर हृदय धोक्यात येतं. तेव्हा शिरेतून देतात 20 टक्के लिपिड इमल्शन, आणि ते बनतं बहुधा सोयाबीन तेलापासून. वऱ्हाडाचं पीक, जिवाची ढाल!

न बोलता मार्क! बोलता न येणाऱ्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं पाहून दुखण्याला 0 ते 10 गुण देतात. नाव फ्लॅक स्केल.

आईबाबांनो, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना एक प्रश्न नक्की विचारा: "नंतर लेकराचं दुखणं कसं थांबवणार?" हा तुमचा हक्क आहे!