हाय व्हानचा घाट आणि सायकलस्वार

परदेशी पर्यटक किती आले आणि त्यांनी दरडोई किती खर्च केला, या दोन आकड्यांवर पर्यटनखात्यांचे समाधान होत असते. या हिशेबात सायकलवरून देश पाहणारा प्रवासी अगदीच किरकोळ ठरतो. तो थोडा खर्च करतो, हे खरेच. परंतु त्याचा पैसा कोणाच्या हाती पडतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. या दृष्टीने व्हिएतनामचे उदाहरण पाहण्याजोगे आहे.

हनोईपासून हो चि मिन्ह शहर सुमारे १,७०० किलोमीटर. विमानाला दोन तास पुरतात. दिवसाला ७०-८० किलोमीटर जाणाऱ्या सायकलस्वारास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. शिवाय कोठे थांबावयाचे हे तो ठरवीत नाही, ऊन ठरविते. पहाटेच्या अंधारात निघावे, दहा-अकराला सावली गाठावी आणि उन्हे कलल्यावर पुन्हा रस्ता धरावा, असा तेथील क्रम. मधला वेळ तो रस्त्याकाठच्या कॉफीच्या दुकानात, तेथे टांगलेल्या झोळीत पडून काढतो. उसाचा रस, आटीव दुधाची बर्फ घातलेली कॉफी, शेवयांच्या रश्श्याचा वाडगा आणि रात्री लहानशा विश्रामगृहातील एक खोली, हे सारे स्वस्त असते. परंतु विकणारी बहुधा त्या घरचीच बाई असते आणि पैसा त्याच दुपारी तिच्या हाती येतो. प्रवास संथ आहे म्हणूनच हा पैसा गावोगाव विखुरतो.

सायकलीचे सामर्थ्य या देशाला नवे नाही. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या वेढ्याच्या वेळी हजारो माणसांनी सायकलींवर दोन-दोनशे किलोंचे ओझे लादून त्या हातांनी ढकलीत डोंगरांतून नेल्या होत्या. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर हळूहळू मोटारसायकल आली. आज हौसेने पायडल मारणारा पाहुणा आणि मोटारसायकलवरून त्याच्याकडे नवलाने पाहणारा यजमान, असे गमतीचे दृश्य तेथे दिसते.

ह्युए आणि दा नांग यांच्यामध्ये ४९६ मीटर उंचीचा हाय व्हान घाट आहे. २००५ मध्ये त्याखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला. त्यातून सायकल चालविण्यास बंदी आहे आणि ती सायकलस्वाराच्या पथ्यावरच पडली. बहुतेक मोटारी व बसगाड्या बोगद्यात शिरल्या. समुद्रावरचा वळणांचा जुना रस्ता मोटारसायकली, इंधनाचे टँकर आणि सायकली यांच्या वाट्यास आला. माथ्यावर १८२६ मधील विटांची वेस आहे आणि तिच्या आसपास दुकाने. घामाघूम होऊन चढलेल्या माणसात घासाघीस करण्याचे त्राण नसते, हे तेथील दुकानदार पुरते ओळखून असतात.

आता उत्तर-दक्षिण द्रुतगती महामार्गाचे टप्पे एकामागून एक खुले होत आहेत. त्यांवर सायकलीस मज्जाव आहे. मालमोटारी तिकडे वळल्या तर जुना राष्ट्रीय महामार्ग सायकलस्वारास अधिक निर्धोक होईल. मात्र ज्या दुकानांत तो विसावतो ती प्रामुख्याने त्याच मालमोटारींच्या चालकांवर चालतात. अधूनमधून येणाऱ्या सायकलस्वाराच्या भरवशावर कोणाची चूल पेटत नाही. दुकानांवाचून प्रवास कसा होतो हे फोंग न्हा ते खे सान्ह या हो चि मिन्ह मार्गाच्या पश्चिम शाखेवर दिसते. रस्ता चांगला, रहदारी नाममात्र. पण दोनशेहून अधिक किलोमीटरांच्या या टापूत अन्नपाणी बरोबरच बाळगावे लागते.

हाय व्हानच्या माथ्यावरील दुकाने बोगद्यानंतरही तगली, कारण तेथे वेस आहे, समुद्र आहे. सपाटीवरील कॉफीच्या दुकानापाशी एक झाड आणि चार झोळ्या, एवढेच असते.