दुर्बिणीवाचून मोजा काक्षीचे तेज

आकाशदर्शनाची आवड लागली, की पहिला हट्ट असतो तो दुर्बिणीचा. पण थोडे थांबा. आकाशात एक तारा असा आहे, की त्याच्या बाबतीत मोठी दुर्बीण असण्याचीच अडचण होते. तो इतका तेजस्वी आहे, की मोठ्या दुर्बिणीचा कॅमेरा त्याच्या प्रकाशाने दिपून जातो. त्याचे तेज मोजायला साधा डोळा मात्र पुरतो. हा तारा म्हणजे काक्षी. यालाच आर्द्रा असेही म्हणतात.

तो सापडायला सोपा आहे, अगदी मुंबईच्या झगमगाटातूनसुद्धा! फेब्रुवारीत रात्री साडेआठच्या सुमारास गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. मृगाच्या चार पायांचे चार तारे आणि त्यांच्या मधोमध एका ओळीत तीन ताऱ्यांचा बाण दिसेल. वरच्या डाव्या कोपऱ्यातला तांबूस तारा म्हणजे काक्षी. बाणाची रेषा वर उजवीकडे वाढवली की रोहिणी सापडते, खाली डावीकडे वाढवली की लखलखणारा व्याध. काक्षी आणि व्याध यांच्याशी जवळजवळ समभुज त्रिकोण करणारा डावीकडचा तारा तो प्रश्वा.

आता तेज मोजायचे कसे? ताऱ्यांच्या तेजाला ‘प्रत’ असते आणि तिचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. प्रश्वाची प्रत ०.४ आहे, रोहिणीची ०.९. काक्षी या दोघांच्या बरोबर मध्ये वाटला, तर त्याची प्रत ०.६ किंवा ०.७ धरा. झाले मोजमाप! तारीख, वेळ आणि हा आकडा वहीत लिहून ठेवा. हवा धूसर असेल तर तेही लिहा.

यात डोळा फसतो तो दोन ठिकाणी. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून तो मंद दिसतो. तेव्हा तिन्ही तारे चांगले वर आल्यावरच तुलना करा. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. तांबूस ताऱ्याकडे टक लावून पाहिले, की तो हळूहळू उजळत चालल्यासारखा वाटतो. म्हणून एकेका ताऱ्यावर नुसती झरझर नजर फिरवावी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. वहीत लिहिताना टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला, तर ही सवय मोडत नाही.

तुम्ही म्हणाल, रोज तोच तारा पाहून मिळणार काय? काक्षी हा रूपविकारी तारा आहे. तो फुगतो आणि आक्रसतो, आणि सुमारे ४०० दिवसांच्या फेऱ्यात त्याचे तेज कमीजास्त होते. हा बदल जॉन हर्षेल यांनी १८३६ साली नुसत्या डोळ्यांनी ओळखला. पुढे २०१९ च्या अखेरीस तो भलताच मंदावू लागला. एरवी ०.५ च्या आसपास असणारी प्रत फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरली. म्हणजे तेजाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गेला! मृगाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या, एरवी कोणी लक्षही देत नाही अशा ताऱ्याइतकाच तो दिसू लागला. आता याचा स्फोट होणार, अशा बातम्याही झळकल्या. पुढच्या काही महिन्यांत तो सावरला. ताऱ्यातून बाहेर पडलेल्या वायूची धूळ बनली आणि ती आपल्या दृष्टीच्या आड आली, शिवाय ताऱ्याचा काही भागही थंड झाला होता, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

पण हे मंदावणे नेहमीपेक्षा निराळे आहे, हे ठरले कशावरून? जगभरच्या हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. रूपविकारी ताऱ्यांच्या अशा नोंदी जमवणारी संघटना अमेरिकेत १९११ पासून काम करते आहे. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. जवळपास अशी एखादी संस्था असेल तर वही घेऊन तेथे जरूर जा.

मे महिन्याच्या मध्यानंतर ही वही काही काळ मिटावी लागेल. ७ जूनच्या सुमारास आपण ‘मृग लागला’ म्हणतो, त्याचा अर्थच सूर्य मृग नक्षत्रात शिरला असा. तेव्हा काक्षी सूर्याच्या प्रकाशात लपलेला असतो. ऑगस्टमध्ये ढग हटले, तर तो पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागेल.