नाण्यावर चालणाऱ्या खेळांचा पुनर्जन्म

बंगळूर शहराच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे उपनगर मुळात शेती करून राहणाऱ्यांची एक लहानशी वसाहत होती. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला येथे जमीन दिली आणि त्या संस्थेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीला हे नाव पडले. मध्यभागी वर्तुळाकार रस्ता आणि त्याच्याभोवती बागा राखून बांधलेली घरे, अशी तिची आखणी होती. पुढे १९९४ साली भारत आणि सिंगापूर यांच्या भागीदारीतून येथे माहिती-तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहू लागले आणि या शांत गावाचा कायापालट झाला. आज पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेले मराठी अभियंतेही येथील कचेऱ्यांत मोठ्या संख्येने काम करतात. २०२३ साली मेट्रोची गाडीही येथवर येऊन पोहोचली.

या कचेऱ्यांतील संगणकांवर दिवसभर बँकांचे हिशेब आणि कारखान्यांची कामे चालतात. दुपारच्या सुट्टीत मात्र त्यांपैकी एखाद्या पडद्यावर एक पिवळे वर्तुळ ठिपके गिळीत चक्रव्यूहातून धावताना दिसते, किंवा परग्रहावरील आक्रमकांची रांग पाऊल टाकीत खाली उतरताना दिसते. हे खेळ चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आहेत. ते ज्या लाकडी पेट्यांत जन्मले त्या पेट्या बहुतेकांनी पाहिलेल्याही नसतात. मग पडद्यावर जे चालते ते नेमके काय असते? मूळ खेळ, त्याची नक्कल, की केवळ त्याची आठवण? या प्रश्नाचे उत्तर शोधताना खेळ म्हणजे काय आणि तो टिकतो कशामुळे, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

नाणे टाकून खेळावयाच्या या यंत्रांचा काळ खऱ्या अर्थाने १९७२ साली सुरू झाला. त्या वर्षी अमेरिकेतील अटारी या कंपनीने ‘पाँग’ हा खेळ बाजारात आणला. ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याने तो तयार केला होता. दोन बाजूंना दोन फळ्या आणि त्यांच्यामध्ये टोलवला जाणारा एक ठिपका, एवढेच त्याचे स्वरूप. गंमत अशी की, या यंत्रात संगणक नव्हताच. चेंडूची गती, फळीचा अडथळा आणि गुणांची मोजणी ही सर्व कामे विद्युत् मंडलांच्या जोडणीतूनच होत. खेळाचे नियम कोठेही लिहिलेले नव्हते. ते तारांच्या आणि चकत्यांच्या मांडणीत गुंफलेले होते.

१९७८ साली जपानमधील तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला, तेव्हा चित्र बदललेले होते. या यंत्रात इंटेल कंपनीचा ८०८० हा प्रोसेसर होता. त्याची घटिका सेकंदाला वीस लक्ष ठोके देत असे. खेळाचे नियम आता आज्ञावलीच्या रूपाने लिहिलेले होते आणि ती संपूर्ण आज्ञावली आठ किलोबाइटांत, म्हणजे ८,१९२ बाइटांत मावत असे. प्रस्तुत लेखाचा देवनागरी मजकूर संगणकात साठवला, तर त्याला याहून अधिक जागा लागेल. १९८० साली नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ आणला. चक्रव्यूहात पाठलाग करणाऱ्या चार भुतांना त्यात चार निरनिराळे स्वभाव दिलेले होते. तांबडे भूत सरळ मागे लागते, तर गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडापुढे चार घरे अंतरावरची जागा हेरून वाट अडवू पाहते. दोन-चार साध्या नियमांतून बुद्धीचा आभास कसा निर्माण करता येतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता ब्राउझरकडे वळू. सामान्यतः ब्राउझर म्हणजे दूरच्या संगणकावरील मजकूर आणून दाखवणारी एक खिडकी, अशी समजूत असते. ती अपुरी आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तेव्हापासून पानासोबत आज्ञाही पाठवता येऊ लागल्या आणि ब्राउझर त्या आज्ञा पाळू लागला. २००४ साली ॲपल कंपनीने ‘कॅनव्हास’ नावाची सोय आणली. कॅनव्हास म्हणजे पानावर आखून दिलेला एक कोरा चौकोन. त्यावर आज्ञावलीने हवे ते रेखाटावे, पुसावे आणि पुन्हा रेखाटावे. २०१४ साली सर्वमान्य झालेल्या एचटीएमएल-५ या प्रमाणकात तिचा समावेश झाला.

खेळ चालतो तो या कोऱ्या चौकोनावर. खेळाडूने कोणती कळ दाबली आहे ते पाहावयाचे, प्रत्येक आकृती किंचित पुढे सरकवावयाची, कोण कोणावर आदळले ते तपासावयाचे आणि सारे चित्र नव्याने रंगवावयाचे. हे चक्र सेकंदाला बहुधा साठ वेळा फिरते. चित्रपटाच्या पट्टीप्रमाणेच डोळा फसतो आणि स्थिर चित्रे धावू लागतात. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. असा खेळ दूरच्या संगणकावर चालत नसतो. आज्ञावली तेथून येते. ती चालते मात्र खेळणाऱ्याच्या पुढ्यातील यंत्रावर. म्हणूनच कळ दाबल्यानंतर संदेश समुद्रापार जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागत नाही.

जुना खेळ या चौकोनात आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पुनर्लेखनाचा. नवा रचनाकार मूळ खेळ पाहतो, त्याचे नियम समजून घेतो आणि ते जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहितो. साहित्याच्या परिभाषेत याला रूपांतर म्हणता येईल. दुसरा मार्ग नक्कल करणाऱ्या आज्ञावलीचा. तिला एम्युलेटर असे नाव आहे. ती खेळाला हातच लावत नाही. ज्या यंत्रावर तो चालत असे त्या यंत्राचे सोंग घेते. मूळ आज्ञावली तिला जशीच्या तशी दिली जाते आणि ती दुभाष्याप्रमाणे एकेक आज्ञा वाचून, जुन्या प्रोसेसरने जे केले असते ते नव्या यंत्राकडून करवून घेते. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली सुरू केलेला ‘मेम’ हा अशा दुभाष्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१४ सालच्या नोव्हेंबरमध्ये त्याचीच ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती वापरून सुमारे ९०० जुने खेळ सर्वांसाठी खुले केले. ‘मेम’मध्ये पाच आकड्याची कळ दाबली की यंत्राला नाणे पडल्याचा भास होतो आणि एक आकड्याची कळ दाबली की खेळ सुरू होतो. नाणे गेले, पण नाण्याची वाट पाहण्याची यंत्राची सवय गेली नाही.

या दोन मार्गांतील भेद ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. या खेळात आरंभी ५५ आक्रमक असतात. मूळ यंत्र चित्राच्या एका आवर्तनात, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, त्यांपैकी एकालाच हलवू शकत असे. साहजिकच संपूर्ण सैन्याला एक पाऊल टाकण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. निम्मे आक्रमक मारले गेले की तेच पाऊल अर्ध्या सेकंदात पडे आणि शेवटचा उरलेला तर सुसाट धावू लागे. हा वेग निशिकादो यांनी मुद्दाम योजलेला नव्हता. ती यंत्राच्या दुबळेपणाची परिणती होती. परंतु त्यामुळे खेळाला रंगत येते हे ओळखून त्यांनी ती तशीच ठेवली. विजय जवळ येत असतानाच संकट वाढत जाणे, हा या खेळाचा प्राण अशा रीतीने एका उणिवेतून जन्मला.

एम्युलेटर मूळ आज्ञावलीच चालवीत असल्यामुळे ही उणीव त्यात आपोआप उतरते. पुनर्लेखन करणाऱ्याला मात्र ती हेतुपूर्वक आणावी लागते. आजचा संगणक ५५ काय, हजारो आकृत्या एकाच आवर्तनात हलवू शकतो. ही खुबी ज्याच्या लक्षात आली नाही, त्याने लिहिलेला खेळ दिसतो तसाच. पण खेळताना निर्जीव वाटतो. याउलट अडचणही संभवते. आजकाल अनेक मोबाइल फोनांचे पडदे सेकंदाला साठऐवजी १२० वेळा चित्र बदलतात. केवळ आवर्तने मोजून आकृत्या सरकवणारा खेळ अशा पडद्यावर दुप्पट वेगाने धावू लागतो. म्हणून जाणकार रचनाकार आवर्तने न मोजता दोन आवर्तनांमधील प्रत्यक्ष वेळ मोजतो. रूपांतरात अर्थ आला पण लय हरवली, तर वाचकाला जे जाणवते तेच येथे खेळाडूच्या बोटांना जाणवते.

‘पॅक-मॅन’मधील एक दोषही असाच बोलका आहे. त्यात पातळीचा क्रमांक एकाच बाइटमध्ये साठवलेला असतो आणि एका बाइटमध्ये २५५ हून मोठी संख्या मावत नाही. त्यामुळे २५६ व्या पातळीवर हिशेब चुकतो, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात अक्षरांचा आणि चित्रांचा गोंधळ माजतो आणि पुढे जाणे अशक्य होते. नव्याने लिहिणारा हा दोष सहज दुरुस्त करील. जतन करणारा मात्र तो जपून ठेवील, कारण कुशल खेळाडूंच्या दृष्टीने त्या खेळाचा शेवट तोच आहे. व्हाइटफील्डमधील जुनी घरे पाडली गेली आणि त्यांच्या जागी इमारती आल्या. तरी तो वर्तुळाकार रस्ता राहिला आणि त्यावरून मूळ आखणी आजही ओळखता येते. पुनर्लेखनात आखणी टिकते, एम्युलेटरमध्ये घराच्या भिंतीही टिकतात. पेटीचा स्पर्श, दांड्याची पकड आणि शेजारी उभे राहून पाहणाऱ्यांची गर्दी मात्र दोहोंतही येत नाही.

कोणतेही जतन कायमचे आहे असे समजू नये, हा धडा फ्लॅशच्या अंताने दिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राउझरमधील बहुतेक खेळ फ्लॅश या तंत्रावर चालत. मुंबईतील झपाक आणि गेम्सटूविन या कंपन्यांनी याच काळात भारतीय खेळाडूंना अशा खेळांची गोडी लावली. परंतु फ्लॅश हे ॲडोबी या एकाच कंपनीच्या मालकीचे होते आणि त्यासाठी ब्राउझरला एक वेगळे जोडयंत्र बसवावे लागे. त्यात सुरक्षिततेचे दोष सापडत गेले. अखेर कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील आशय चालेनासा झाला. हजारो खेळ एका दिवसात मुके झाले. त्यांतील बरेचसे विद्यार्थ्यांनी आणि हौशी मंडळींनी रचलेले होते आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ‘रफल’ नावाचा फ्लॅशचा एम्युलेटर स्वयंसेवकांनी लिहिला आणि काही खेळ पुन्हा बोलू लागले. जे कोणी जपून ठेवलेच नव्हते, ते गेले.

यापुढील प्रश्न हक्कांचा आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयीन कृती मानली गेली. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे असे संरक्षण वाङ्मयीन कृतीला मिळते. अर्थात सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांतील हे खेळ अद्याप कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे आहेत. नियम आणि कल्पना यांवर मात्र कोणाचा हक्क नसतो. ही सीमारेषा कोठे आखावी याचा विचार अमेरिकेत न्यू जर्सीच्या न्यायालयाने २०१२ साली ‘टेट्रिस’च्या एका खटल्यात केला. पडणाऱ्या ठोकळ्यांची कल्पना सर्वांची. परंतु त्यांचे रूप आणि मांडणी जशीच्या तशी उचलणे हे उल्लंघन होय, असा त्याचा निष्कर्ष होता. जतनाची इच्छा आणि मालकाचा हक्क यांत आज सर्वत्र ओढाताण चालू आहे. ज्या खेळाचा मालक बंद पडला, त्याची परवानगी मागावी तरी कोणाकडे, हे अनेकदा कळतच नाही.

लिखित आज्ञावली, सर्वांना खुले असलेले प्रमाणक आणि एकाहून अधिक ठिकाणी ठेवलेल्या प्रती, या तीन गोष्टी जमल्या तर खेळ आपल्या यंत्रापेक्षा दीर्घायुषी होतो. यांपैकी एक जरी ढासळली तरी तो धोक्यात येतो. ग्रंथालयांना हे तत्त्व नवे नाही. पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवावी लागते आणि नक्कल करणाऱ्याने आपल्या पदरची दुरुस्ती त्यात घुसडू नये, हा नियम त्यांनी पूर्वीपासून पाळला आहे. भारतात रचल्या गेलेल्या ब्राउझरमधील खेळांची अशी निगा राखावयाची असेल, तर त्यांच्या प्रती आताच गोळा केल्या पाहिजेत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे सारे नियम आठ किलोबाइटांत मावले होते; जपण्यासाठी जागेची अडचण केव्हाच नव्हती.