आकड्यांची पारख (भाग 6) : पगारातला फरक – योगायोग की भेदभाव?

दोन गटांची सरासरी कशी फसवते हे आपण मागच्या भागात पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न. स्त्री-पुरुषांच्या किंवा अल्पसंख्याक आणि इतरांच्या पगारात फरक दिसला, तर तो योगायोगाने पडला असेल का, हे कसे तपासायचे?

भाईंदर पूर्वेला गाळ्यागाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. समजा, अशा एका गाळ्यात आठ कामगार आहेत, चार स्त्रिया आणि चार पुरुष. काम सारखे, अनुभवही जवळपास सारखाच. पगार चढत्या क्रमाने लावले तर तळाचे चारही पगार स्त्रियांचे निघतात. मालक म्हणतो, "हा योगायोग आहे."

त्याचे म्हणणे घटकाभर खरे धरू. बाई की पुरुष याचा पगाराशी संबंधच नसेल, तर आठांपैकी कोणतेही चार पगार स्त्रियांच्या वाट्याला येऊ शकले असते. आठांतून चार निवडण्याचे 70 प्रकार होतात आणि तळाचे चार एकत्र येतात ते फक्त एका प्रकारात. म्हणजे मालकाच्या योगायोगाची शक्यता 70 मध्ये 1, दीड टक्क्याहूनही कमी. 5 टक्क्यांच्या खाली शक्यता गेली की संख्याशास्त्रात सहसा शंका रास्त मानतात. मोठ्या कंपनीच्या पगारपत्रकावर संगणक पगारांची अशीच अदलाबदल हजारो वेळा करून पाहतो.

आता त्याच गाळ्यात जवळच्या नयानगरहून येणारी एकच मुस्लिम स्त्री आहे आणि तिचा पगार सर्वांत कमी आहे असे धरा. हे योगायोगाने घडण्याची शक्यता 8 मध्ये 1, म्हणजे साडेबारा टक्के. तिच्यावर कितीही अन्याय झाला असला, तरी एका गाळ्याच्या आकड्यांतून तो सिद्ध होणारच नाही. पुरावा मिळाला नाही म्हणून अन्याय झालाच नाही असे म्हणणे चूक आहे. अशाच तीन गाळ्यांत अशी एकेक स्त्री असेल आणि तिन्ही ठिकाणी तीच तळाला असेल, तर शक्यता 512 मध्ये 1 वर येते. अट एवढीच की गाळे आधी ठरवून घेतलेले हवेत, सोयीची उदाहरणे वेचलेली नकोत. विखुरलेल्या कामगारांची माहिती एकत्र आली, तरच त्यांचे म्हणणे आकड्यांत उमटते.

दुहेरी ओळख असलेल्यांना वेगळे मोजावे लागते. अमेरिकेत काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध केलेल्या दाव्यात, वर्ण आणि लिंग यांचा एकत्रित भेदभाव विचारात घ्यायला न्यायालयाने 1976 साली नकार दिला. गोऱ्या स्त्रियांना कंपनीत नोकऱ्या होत्या, कृष्णवर्णीय पुरुषांनाही होत्या. या दोन्ही गटांच्या आड त्या स्त्रिया दिसेनाशा झाल्या.

सर्वांत अवघड मुद्दा 'सारख्या कामा'चा. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' होत्या. 1977 मध्ये त्यांची नोकरी गेली. पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा आपल्याला कमी पगार मिळाला, अशी दाद त्यांनी समान मोबदला अधिनियम, 1976 खाली मागितली. दोघांची कामे वेगळी आहेत, युनियनशी करार झालेला आहे आणि कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे, असा बचाव झाला. मार्च 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रत्यक्ष काम काय चालते ते पाहा, किरकोळ फरकांवरून समानता नाकारू नका, असा त्या निकालाचा आशय होता.

संख्याशास्त्र शिकणाऱ्याने हा निकाल मुद्दाम वाचावा. शिक्षण, अनुभव, पद यांचा परिणाम वेगळा काढून उरलेला फरक मोजण्याची पद्धत म्हणजे रिग्रेशन. त्यात आपण 'हुद्दा' हा घटक भाबडेपणाने घातला असता, तर काय झाले असते? 'लेडी स्टेनोग्राफर' या हुद्द्यावर पुरुषच नाहीत. सगळा फरक हुद्द्याच्या खात्यात जमा झाला असता आणि स्त्री असण्याचा परिणाम वेगळा दिसलाच नसता. भेदभाव ज्या वाटेने आला, तीच वाट आपण हिशेबातून पुसली असती. म्हणून हिशेब दोनदा करावा, एकदा हुद्दा धरून आणि एकदा वगळून. मग विचारावे, एखाद्या गाळ्यात पॅकिंगला सगळ्या बाया आणि पॉलिशला सगळे पुरुष, ही वाटणी कोणी केली?

1976 च्या कायद्याची जागा घेणारी वेतन संहिता, 2019 वेतनात लिंगावरून भेद करायला मनाई करते. त्या तरतुदीत धर्म किंवा जात यांचा उल्लेख नाही. खासगी गाळ्यातल्या अल्पसंख्याक कामगाराला कायद्याचा आधार तोकडा असताना, त्याच्या पगाराची काटेकोर मोजणी अधिकच गरजेची ठरते.

आणि या साऱ्या चाचण्या पगारपत्रकात नाव असलेल्यांपुरत्याच. ज्याला दारातूनच परत पाठवले, तो कुठल्याच रकान्यात नाही. त्याला मोजण्यासाठी संशोधक सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी बोलावणी आली. हा प्रयोग कसा रचला होता, ते पुढच्या भागात.