साठी बुद्धी नाठी : खरे काय, खोटे काय?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील आजी एकच गोष्ट पाच वेळा सांगू लागली, गावातल्या गावात वाट चुकू लागली, पोटच्या मुलाला ‘तू कोणाचा रे?’ म्हणून विचारू लागली, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून घरचे मोकळे होतात. वरणगाव काय, भुसावळ काय, पुणे-मुंबई काय, सगळीकडे तऱ्हा तीच. पण ही म्हण खरी मानावी, तर केळीच्या बागेचा वर्षभराचा हिशेब तोंडी सांगणारे सत्तरीचे आजोबा आपल्याला भेटतातच ना? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत साठीपुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचे आढळले. म्हणजे त्र्याण्णव जणांची बुद्धी नाठी झालेली नव्हती. तेव्हा म्हातारपण ही एक गोष्ट आणि स्मृतिभ्रंश हा रोग ही दुसरी, एवढे आरंभीच ध्यानात ठेवू.

या रोगाचा सर्वांत मोठा प्रकार अल्झायमर या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखला जातो. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात एक्कावन्न वर्षांची एक बाई त्यांच्याकडे आली होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात एका प्रकारच्या प्रथिनाचे थर साचलेले आणि पेशींतील तंतूंचा गुंता झालेला दिसला. आज आपल्याला असेही कळले आहे की, हा बिघाड विसरभोळेपणा दिसू लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू होतो. म्हणजे सत्तरीत उघड होणाऱ्या रोगाची सुरुवात पन्नाशीत होते. आणि पन्नाशीच्या आसपासच स्त्रीच्या शरीरात मोठा पालट घडत असतो. तिची पाळी जाते.

वरील पाहणीत हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळला. स्त्रिया अधिक जगतात आणि त्यांच्या पिढीला शाळा कमी मिळाली, ही त्याची दोन कारणे होत. तिसरे कारण शास्त्रज्ञ संप्रेरकांत शोधीत आहेत. संप्रेरके म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेले निरोपे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना हुकूम धाडते. बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात, आणि ते पुरेसे झाले की ‘आता पुरे’ असा उलट निरोप मेंदूकडे जातो. हा निरोप केवळ मूल होण्यापुरता असतो, असा आपला समज. वस्तुतः स्मरणाचे काम करणाऱ्या मेंदूच्या भागातही इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या पेशी आहेत. साखरेपासून शक्ती मिळवण्यास आणि एकमेकींशी धागे जोडण्यास त्यांना त्याची मदत होते.

पाळी गेली की बीजकोश थकतात. उलट निरोप येईनासा होतो, म्हणून पीयूषिका हुकूम वाढवीतच राहते. रक्तात एक संप्रेरक आटते आणि दुसरी चढतात. या चढलेल्या संप्रेरकांचाही मेंदूला उपद्रव होतो काय, याचा शोध उंदरांवरील प्रयोगांतून चालू आहे. पुरुषाचे तसे नाही. त्याचे टेस्टोस्टेरॉन वर्षावर्षाने, हळूहळू उतरते, आणि त्यातील काहींचे मेंदूतच इस्ट्रोजेन होते.

मग म्हातारपणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. अमेरिकेत ही कसोटी लावून पाहिली गेली. पासष्ट वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन व त्याचे जोडीदार संप्रेरक दिले, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. २००३ साली निकाल आला, तो उलटा! खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश ४० जणींना झाला, तर दुसऱ्या गटात २१ जणींना. हंगाम उलटून गेल्यावर बागेला पाणी सोडून घड येत नाहीत. तेव्हा स्मरणशक्तीसाठी उतारवयात अशा गोळ्या सुरू करू नयेत.

याची दुसरी बाजू आपल्या अधिक जवळची आहे. पाळी आपोआप जाण्यापूर्वीच दोन्ही बीजकोश काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळते, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासाने २००७ साली दाखविले. शस्त्रक्रिया जितक्या लहान वयात, तितका धोका जास्त. ज्यांना निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात मात्र ही वाढ दिसली नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी सुमारे १४ हजारांची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत चाळिशीच्या आतील पुष्कळ होत्या. अंगावरून जाणे, पोटात दुखणे ही दुखणी होतीच. पण खाडा झाला तर मजुरी बुडते, दंड बसतो, ही धास्तीही होती. ‘काढून टाका, कटकट गेली’ हा सल्ला मग गोड वाटतो. आपल्या घरांतही तो ऐकू येतो. पिशवीबरोबर बीजकोशही काढले की काय, हे त्या बाईला पुष्कळदा ठाऊकही नसते. आणि बीजकोश राखले, तरी पिशवी गेल्यावर ते सरासरीने लवकर थकतात.

आम्ही शस्त्रक्रियेच्या विरुद्ध नाही. कर्करोग असेल, रक्तस्राव औषधांनी आवरत नसेल, तर ती जीव वाचविते. पण आधी तीन प्रश्न विचारावेत : औषधाने भागणार नाही काय? बीजकोश राखता येतील काय? काढावेच लागले, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत काय? आपल्याकडे हे वय साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीस आहे. शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

आणि ज्यांची पाळी केव्हाच गेली, त्यांनी घाबरून जाऊ नये. पाळी जाणे हा रोग नव्हे. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे, रोज चालणे, ऐकू कमी येत असल्यास यंत्र लावणे, चार माणसांत बसणे, यांनी मेंदूचे रक्षण होते. विसरभोळेपणा वाढलाच, तर थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी यांची तपासणी करून घ्यावी. या कारणांनी आलेला विसर पुष्कळदा बरा होतो.

तेव्हा पुढल्या वेळी आजी तीच गोष्ट सहाव्यांदा सांगू लागली, तर ‘म्हातारचळ’ म्हणून हसू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे. आणि घरातील तरुण सून पिशवीचा कागद हाती घेऊन आली, तर तिच्याबरोबर कोणीतरी जावे आणि ते तीन प्रश्न विचारावेत.