अकरावा बार

कागलच्या पुढं, दूधगंगेच्या अंगाला एका मळ्यात विहीर खोल करायचं काम चाललं होतं. तळाला काळा पाषाण लागलेला. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरनं दिवसभरात 11 भोकं मारली. ब्लास्टिंगवाल्यानं त्यांत जिलेटिनच्या कांड्या सोडल्या, वर माती ठासली, वाती पेटवल्या आणि यारीतून वर येऊन आम्हाला उसापलीकडं पिटाळलं.

मग तो बोटं दुमडत बार मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली. अकरावा बार झालाच नाही.

"वात इझली आसंल, उतर की," मालकानं दोनदा सांगून पाहिलं. यारीचं भाडं चढत होतं. पण दमट वात आतल्या आत धुमसत राहते. नियमही अर्धा तास थांबायला सांगतो. तेवढा वेळ गेल्यावर तो एकटाच उतरला. अडकलेली कांडी त्यानं उकरली नाही, कांडीतल्या केपला (डिटोनेटरला) पहारीचं टोक लागलं की खेळ खलास. फूटभर अंतर सोडून तिला समांतर दुसरं भोक मारलं आणि त्याच्या बारानं पहिलीही उडवली. उडाली हे तरी कशावरून? म्हणून फुटलेल्या दगडांत हातानं तुकडे शोधत बसला. सगळ्यांत कंटाळवाणं काम हेच, आणि माझ्या मते खरी मजुरी याचीच.

4 कांड्या उरल्या. "दोन ठेव की रं, पोरं नदीला मासं मारत्यात," मालक हळूच म्हणाला. त्यानं उत्तर न देता त्या पेटीत मोजून ठेवल्या. परत कोठारात जायच्या होत्या.

उरलेल्या मालाची ही भीती विहिरीपुरती नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजी इथं, 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी जबलपूरच्या खमरिया आयुध कारखान्याचा मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करायला आणला होता. खड्डे खणायचे, माल आत रचायचा, दुरून उडवायचा, अशी रीत. माल खड्ड्यात पोचलाच नाही. खोकी उतरवतानाच स्फोट झाला. 6 जण गेले. त्यांत कारखान्याचा कर्मचारी होता आणि कंत्राटावर आलेले मजूर होते. 'मुदतबाह्य' हा शब्दच फसवा आहे. मुदत संपते ती भरवशाची, ताकदीची नव्हे. जुना दारूगोळा नव्यापेक्षा लहरी.

मळ्यातल्या त्या विहिरीला आता पाणी लागलंय. काठावरचे दगड लोक ताली घालायला नेतात. अशा कुठल्याही ढिगात वातीचं टोक किंवा रंगीत वायर दिसली तर ओढू नका. पोरांना लांब करा आणि 112 ला फोन लावा.